नजर ही अमानत, ती ईदपर्यंत थांबत नाही

रमजानमध्ये जालन्यातल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येते, 'ईद झाल्यावर दवाखान्यात जाऊ.' गुडघेदुखीला ते चालून जाते. पण एका डोळ्यापुढे अचानक धुके आले, तर हीच वाट पाहणे नजरेवर बेतू शकते.

डोळ्याच्या पडद्यातून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी झाली की रक्त तुंबते. पडद्यावर रक्तस्राव होतो, सूज येते. सूज मध्यभागी आली की समोरचा चेहरा आणि अक्षरे पुसट होतात. याचे मूळ बहुधा डोळ्यात नसतेच. वाढलेल्या रक्तदाबाने धमनी कडक होते आणि तिला खेटून जाणारी शीर दाबली जाते. मधुमेह, कोलेस्टेरॉल, काचबिंदू, धूम्रपान यांनीही धोका वाढतो. डोळा बहुतेकदा दुखत नाही, म्हणून 'मोतीबिंदू असेल' असे म्हणत माणूस गप्प बसतो. पण मोतीबिंदू हळूहळू वाढतो, इथे नजर एका रात्रीतही अधू होते.

रोज्यामुळे ही गुठळी होते, असे नव्हे. काळजी आहे ती रोज्याच्या नावाखाली बंद होणाऱ्या रक्तदाबाच्या गोळीची. ती सहेरीला घ्यावी की इफ्तारनंतर, हे डॉक्टरांना विचारून ठरवता येते. स्वतःच्या मनाने महिनाभर गोळी सोडणे म्हणजे परहेजगारी नव्हे. नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या शेजारच्या मावशींनाही हेच लागू पडते.

कुरआनने आजारी माणसाला सवलत दिली आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत सुटलेले रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. डोळ्यांत थेंब टाकल्याने किंवा पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा निर्णय आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये जेद्दाहच्या बैठकीत दिला. या विकारात पडद्याची सूज उतरवायला डोळ्यातच इंजेक्शन देतात, सुरुवातीला बहुधा महिन्या-महिन्याने. मनात शंका असेल तर मौलानांना जरूर विचारावे, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये. मुख्य शीरच बंद झाली असेल, तर पुढच्या काही महिन्यांत डोळ्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटून दाब वाढण्याची भीती असते. त्यामुळे बरे वाटले तरी तपासणी सोडून चालत नाही.

जालना शहरात गणपती नेत्रालयासारखे मोठे नेत्र रुग्णालय आहे. मोतीबिंदूच्या निमित्ताने खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांना नेत्र रुग्णालयाची वाट ठाऊक झाली आहे. पडद्याच्या आजारात तीच वाट वेळेवर धरायला हवी.

या महिन्यात मशिदींतून जकात-फितऱ्याचे मसले समजावून सांगितले जातात. जुम्याच्या बयानात दोन मिनिटे नजरेसाठीही द्यावीत. एक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचावे, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा अधू डोळ्याची उणीव झाकतो आणि बिघाड कळतच नाही. फरक जाणवला तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. रक्तदाब आणि साखर तर जवळच्या आरोग्य केंद्रातही तपासून मिळते.

शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण मानतो. मग नजर जपणे हीसुद्धा इबादतच. ईदचा चांद दोन्ही डोळ्यांनी दिसावा.