फोटो काढायला कुठे जायचे?





सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी नववीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "बाई, राजवाड्याचे फोटो काढून झाले, सुरसागर झाला, सयाजीबागही झाली. आता बडोद्यात फोटो काढण्यासारखे आणखी काय आहे?" प्रश्न साधा होता, पण मला लगेच उत्तर देता आले नाही. म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. मी मूळची इंदूरची. शिक्षण सारे हिंदी माध्यमातून, मराठी ही घरात बोलायची भाषा. लग्न होऊन बडोद्याला आले ती दांडिया बाजाराजवळच्या एका वाड्यात. सागवानी खांब, कोरीव काम केलेल्या तुळया, मधोमध चौक आणि रस्त्याच्या बाजूला ओटा. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, दुरुस्तीचा खर्च कुणालाच पेलेना आणि वाडा पाडून तिथे फ्लॅट उभे राहिले. गेल्या वर्षी मुलीने त्या वाड्याचा फोटो मागितला. सगळे अल्बम काढून बसलो. बारसे, मुंज, मंगळागौर, गौरी-गणपती, फोटो पुष्कळ निघाले, पण वाडा एकाही फोटोत नाही! कुणाच्या कानामागे दाराची चौकट दिसते, कुणाच्या पदराआड अर्धा खांब. तेव्हा रोलमध्ये छत्तीसच फोटो येत, म्हणून जपून काढत असू, हे खरे. पण छत्तीसातला एक फोटो घराच्या वाट्याला यावा, हे आम्हाला सुचले नाही. आज त्या जिन्याला किती पायऱ्या होत्या, हेही मला आठवत नाही.

यावरून माझे मत असे झाले आहे की, प्रसिद्ध स्थळांचे फोटो हौसेने जरूर काढावेत, पण शोध घ्यायचा तो दुसऱ्या जागांचा. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. त्याचे फोटो पुस्तकांत आहेत, पोस्टकार्डांवर आहेत, जगभर आहेत. सुरसागरातील शंकराच्या मूर्तीचेही तसेच. आपल्या गल्लीतल्या ओट्याचा फोटो मात्र आपण काढला नाही तर कुणीच काढणार नाही.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा पाहा. भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोदे संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या या वाड्याच्या भिंतींवर महाभारतातील प्रसंग आणि कृष्णलीला रंगवलेल्या आहेत. पुरातत्त्व खात्याने तो संरक्षित केला, म्हणून तो उभा आहे. पण शेजारपाजारच्या साध्या वाड्यांना असे संरक्षण नाही. ते एकेक करून जात आहेत आणि त्यांचे कोरीव खांब जुन्या लाकडाच्या बाजारात विकले जात आहेत.

इमारत उभी राहिली तरी तिच्यातले जीवन बदलते. न्यायमंदिराची भव्य इमारत १८९६ सालची. २०१८ साली न्यायालये तिथून नव्या इमारतीत गेली. इमारत आहे तिथेच आहे, पण वकील-अशिलांची ती रोजची गर्दी गेली. मांडवीचेही असेच. दुकाने उघडण्यापूर्वी, भल्या सकाळी कमानीखाली उभे राहून पाहा. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट अशा चार दरवाजांकडे चार रस्ते गेलेले दिसतील. तासाभराने तिथे पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही वेळचे फोटो काढा आणि शेजारी शेजारी ठेवून पाहा.

बडोद्याला ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले ते सयाजीराव महाराजांनी १८९० साली स्थापन केलेल्या कलाभवनात. पुढे १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. आपल्या ललितकला विद्याशाखेतील चित्रकार ज्योती भट्ट १९६० च्या दशकापासून खेडोपाडी हिंडले आणि घरांच्या भिंतींवरची चित्रे, अंगणातल्या रांगोळ्या त्यांनी कॅमेऱ्यात जपल्या. रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसलीच जाते. त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

काही पालक म्हणतील, "बाई, मुलांच्या हातून मोबाइल सुटत नाही आणि तुम्हीच तो द्यायला सांगता?" तक्रार रास्त आहे. पण मोबाइल हातात असणारच असेल, तर तो स्वतःच्या चेहऱ्याकडून घराकडे एकदा वळवायला शिकवणे, हेही शिक्षणच आहे. मात्र शिस्त हवी. कुणाच्या दारात गेलात तर आधी नमस्कार करा, परवानगी विचारा, नाही म्हणाले तर मुकाट्याने परत या. फोटोसाठी विश्वामित्रीच्या काठावर उतरायचे नाही. तिथल्या मगरी हा गमतीचा विषय नव्हे. आणि प्रत्येक फोटोबरोबर जागा, तारीख आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली एखादी आठवण लिहून आणा. त्याशिवाय वीस वर्षांनी तो फोटो कशाचा हे कुणालाच कळणार नाही.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती आहे की, ग्रंथालयातील एक कपाट या फोटोंसाठी द्यावे आणि निवडक फोटो कागदावर छापून घेण्यासाठी थोडी तरतूद करावी. मोबाइल बिघडला की त्यातले फोटोही जातात, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे.

नववीतल्या त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे, की बाळा, आजी-आजोबा ज्या घरात राहिले तिथून सुरुवात कर. घर पडले असेल तर त्या जागेचा फोटो काढ आणि तिथे काय होते ते आजीला विचारून मागे लिही. तो पहिला फोटो मला आणून दाखव. मी वाट पाहीन.

आपली,
प्राचार्या