हौशी वैमानिकाची तपासणी हवीच, पण फॅमिली डॉक्टरकडे

मिरजेला शिकून मी टेक्सासमध्ये फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. माझे काही पेशंट सुट्टीच्या दिवशी स्वतःचं छोटं विमान उडवतात. २०१७च्या मे महिन्यापासून ‘बेसिकमेड’ योजनेमुळे, पूर्वी सरकारी दाखला मिळालेला असला की, अशा वैमानिकांना दर चार वर्षांनी कुठल्याही परवानाधारक डॉक्टरकडून तपासून घेता येतं. ही सोय मला पटते. पण २२ ऑक्टोबर २०२५ पासून ‘स्पोर्ट पायलट’ना सेसना १७२ सारखं चार आसनी विमानही, एक प्रवासी घेऊन, नुसत्या मोटारीच्या परवान्यावर उडवता येतं. आधी ही मुभा हलक्या दोन आसनी विमानांपुरती होती. हे मला मुळीच मान्य नाही. मोटारीचा परवाना देताना फार तर डोळे तपासतात.

सत्तरीच्या एका पेशंटचं बीपी, कान, डोळे सगळं उत्तम होतं. मग त्यांच्या पत्नीने सहज सांगितलं की, ते रोज झोपेची गोळी घेतात. गोळी डायफेनहायड्रामीनची, चिठ्ठीशिवाय मिळणारी, म्हणून त्यांनी फॉर्मवर लिहिलीच नव्हती. ती घेतल्यावर ६० तास विमान उडवू नये, असं अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन सांगतं. अपघातात मरण पावलेल्या वैमानिकांच्या शरीरात, गुंगी आणू शकणाऱ्या औषधांपैकी हेच सर्वाधिक वेळा सापडल्याचं तिथल्या अपघात तपास मंडळाने २०१४ मध्ये नोंदवलं आहे. गोळी सुटेपर्यंत मी सही केली नाही. त्यांनीही वाद घातला नाही, कारण आमची ओळख जुनी आहे.

सरकारमान्य परीक्षकापुढे माणूस इतकं मोकळं बोलत नाही. एका शेऱ्याने उडणं बंद होईल, ही धास्ती असते. त्यापायी काही जण नैराश्यावरची औषधं लपवतात, काही घेणंच टाळतात. घेणं टाळणं अधिक धोक्याचं.

पण म्हणून तपासणीच नको म्हणणाऱ्यांनी लॉकहार्ट आठवावं. ३० जुलै २०१६ ला तिथे गरम हवेचा बलून विजेच्या तारांवर आदळून १६ जण गेले. चालकाला नैराश्य होतं, अनेक औषधं चालू होती, आणि बलूनचालकांना वैद्यकीय दाखल्याची सक्ती नव्हती. पैसे घेऊन प्रवासी नेणाऱ्यांसाठी ती आली २०२२ मध्ये.

साठीनंतर चार वर्षांचं अंतरही फार होतं. दरवर्षी यावं, आणि येताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणाव्यात, चिठ्ठीशिवाय घेतलेल्यासुद्धा.