कासव ताब्यात घ्यायचे कुणी?

या अंकात लम्पीवर लिहायचे ठरवले होते. ते पुढे ढकलतो आहे, कारण टेबलावर साठलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. पत्र ओतूरचे असो, मंचरचे की घोडेगावचे, मजकूर तोच. दवाखान्यात कासव येते, आपण जखम धुतो, औषध देतो, आणि पुढे ते कुणाच्या हाती द्यायचे हे कुणी सांगत नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडेही एक आले. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये, खाली ओले पोते. तळ्याचा गाळ काढताना जेसीबीच्या बकेटमध्ये सापडलेले फ्लॅपशेल, म्हणजे आपल्या ओढ्या-विहिरींतले नेहमीचे कासव. बकेटचा घाव पाठीवर होताच, पण जुनी जखम त्याहून वाईट होती. कुणीतरी कधीकाळी कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून तार ओवली होती. तार तुटून आतच राहिली होती, भोवती पू आणि त्यात अळ्या. घेऊन येणारा मुलगा दारातच उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘डॉक्टर, माझ्यावर केस तर नाही ना होणार?’’

जखम साफ करायला चाळीस मिनिटे लागली. कासव सोपवायला सहा दिवस. पहिल्या कार्यालयाने सांगितले, जिथे सापडले त्या बीटच्या वनरक्षकाकडे द्या. तो बिबट्याने मारलेल्या शेळ्यांच्या पंचनाम्याला गेलेला. पोलीस म्हणाले, हा वनखात्याचा विषय. दुसऱ्या कार्यालयाने आरोग्य दाखला मागितला, आणि तो माझा चालणार नाही, सरकारी दवाखान्याचा हवा असे सांगितले. सरकारी दवाखान्यातल्या सहकाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले की वन्यप्राण्याचा दाखला द्यायचा तर वनखात्याचे पत्र हवे. पत्रासाठी दाखला आणि दाखल्यासाठी पत्र. तोवर कासव माझ्या एक्स-रेच्या खोलीत टबमध्ये होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. फ्लॅपशेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेले स्टार कासवही पहिल्या अनुसूचीत आले. शिक्षा किमान तीन वर्षे, कमाल सात, आणि दंड किमान २५ हजार रुपये. बंदिवासात ठेवलेला असा प्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतो. तो कुठल्याही मार्गाने हाती आला तरी ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कळवायचे, आणि परवानगीशिवाय जवळ बाळगायचे नाही. पोलीस ठाणे कायद्यातच लिहिले आहे, तरी ठाण्यात ‘आमचा विषय नाही’ हे उत्तर मिळते. मी ४८ तासांच्या आत कळवले होते, पण तोंडी. पोच कुणी दिली नाही. उद्या कुणी विचारले तर माझ्याजवळ कागद नाही, आणि टबात पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे.

हे जुन्नर वन विभागात घडावे याचे मला जास्त वाईट वाटते. बिबट्यासाठी याच भागाने व्यवस्था उभी केली. माणिकडोहचे निवारा केंद्र देशभर ठाऊक आहे. पिंजरा कुणी आणायचा, बेशुद्धीचे इंजेक्शन कुणी द्यायचे, गाडी कुठली, हे ठरलेले असते. विहिरीत बिबट्या पडला की रात्री दोन वाजता माणसे धावतात, आणि ते काम किती अवघड आहे हे आपण जवळून पाहिले आहे. त्याच विहिरीतून कासव निघाले तर त्यासाठी एका पानाची लेखी कार्यपद्धती का असू नये? आमची मागणी एवढीच आहे. प्रत्येक परिक्षेत्रात कासव स्वीकारणाऱ्या माणसाचे नाव आणि फोन, दिल्याची सहीशिक्क्याची पोच, उपचार संपेपर्यंत ते दवाखान्यात ठेवण्याचे पत्र, आणि कुठे सोडायचे याचा निर्णय जाणकाराला विचारून.

शेवटचा मुद्दा साधा नाही. घरात पाळलेले स्टार कासव जप्त झाले की ‘शिवनेरीच्या पायथ्याला सोडून द्या’ असे सांगणारे भेटतात. ते कासव इथले नाही. त्याचे घर गुजरात-राजस्थानचा कोरडा झुडपी पट्टा, आणि खाली आंध्र, तमिळनाडू, पूर्व कर्नाटक. आपल्या पश्चिमेकडचा पाऊस आणि दहाच्या खाली उतरणाऱ्या पौष-माघातल्या रात्री त्याला मानवत नाहीत. शिवाय बाजारातून फिरून आलेल्या कासवाच्या नाकात कोणता संसर्ग आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. याउलट फ्लॅपशेल इथलेच. त्याला मऊ काठ हवा, अंडी घालायला माती हवी आणि उन्हाळ्यात पुरून घ्यायला चिखल. ‘विहिरीत कासव असले की पाणी चांगले राहते’ म्हणून आपल्या आजोबांनी ती सोडली, पण तेव्हा विहिरीला कपारी होत्या. आज प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात पडलेले कासव उतारावरून घसरत राहते आणि दमून मरते. तळ्याच्या एका कोपऱ्यात काथ्याचे जाळे किंवा जुने टायर बांधून सोडा, हे शेतकऱ्याला आपणच सांगू शकतो.

दोष फक्त अधिकाऱ्यांचा नाही, आपलाही आहे. यंदा दोन पत्रांत लिहिले आहे की अशक्त कासवाला ‘जंतासाठी आयव्हरमेक्टिन दिले आणि ते गेले’. मित्रहो, कासवाला आयव्हरमेक्टिन विष आहे. त्याने कासव लुळे पडते आणि मरते. हे १९८३ पासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. शेळ्या-मेंढ्यांना जे हात रोज टोचतात त्यांनी कासवासमोर थांबलेच पाहिजे. इंजेक्शन पुढच्या पायात द्या, मागच्या पायातले औषध मूत्रपिंडातून आधी जाते. डोळे सुजले म्हणून जीवनसत्त्व ‘अ’चे इंजेक्शन डोळे मिटून देऊ नका, जास्त झाले तर कातडी सोलून निघते. नाकातून बुडबुडे आणि पोहताना एका बाजूला कलणे म्हणजे फुप्फुस, हे ओळखायला शिका.

आणि कायद्याने पाळता येणारे कासव दाखवायला येणाऱ्याला निम्मी माहिती देऊन पाठवू नका. लाल कानाचे स्लायडर बाजारात नाण्याएवढे मिळते आणि पुढे पाऊण-एक फूट होते. कंटाळा आला की लोक ते येडगाव किंवा डिंभ्याच्या पाण्यात सोडायला निघतात, त्यांना तिथेच अडवा. जगातल्या शंभर घातक आक्रमक प्रजातींत त्याचे नाव आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. सुल्काटा पुढे चाळीस-पन्नास किलोचे होते, त्याला अंगण लागते, फ्लॅटची बाल्कनी नव्हे. ते साइट्सच्या यादीत असल्याने फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर नोंद हवी. मालकाला इंग्रजी अर्ज जमत नसेल तर पंधरा मिनिटे त्याच्याशेजारी बसा.

घरच्या व्यवस्थेत सगळ्यात जास्त चूक उन्हाची होते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कासवाच्या कामाचा किरण नसतो, म्हणून उघड्यावरचे सकाळचे ऊन किंवा अतिनील-बी दिवा लागतोच. सुल्काटाला दूध-पोळी आणि पनीर देऊन कवचाला डोंगर काढणारे मालक आपण पाहतो. त्याला गवत, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने, आणि पिल्लू असेल तर रोज पसरट भांड्यात कोमट पाण्याची अंघोळ. आपल्याकडच्या थंडीत रात्री उबदार खोके. एवढे सांगितले तर निम्मी मऊ कवचे टेबलावर येणारच नाहीत.

आता एक काम करा. दवाखान्यात कासवासाठी वेगळी वही उघडा. तारीख, गाव, जात, वजन, जखम कशाने झाली, कुणाला कळवले, पोच मिळाली की नाही, एवढे रकाने पुरे. कळवताना १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा आणि त्याच दिवशी लेखी अर्जही टाका, मग कुणी टोलवले तरी तारीख तुमच्या बाजूने उभी राहील. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चारही तालुक्यांतल्या नोंदी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत संपादकीय पत्त्यावर पाठवा. त्या घेऊन आम्ही उपवनसंरक्षकांना भेटणार आहोत. ज्यांना सोबत यायचे आहे त्यांनी पत्राच्या वरच्या कोपऱ्यात ‘येतो’ एवढे लिहावे.