गाव सोडलं, गावकूस सोडेना

सूतगिरणीतली रातपाळी करून झोपलो होतो. उठलो तर दाराच्या पत्र्यावर लाल रंगात नंबर. आईनं विचारलं, "सायेब, ह्ये काय वो?" साहेब म्हणाला, "सर्वे आहे मावशी. शहर सुधारायचंय."

म्हणजे बिघाड आम्हीच!

माझा आजा 1972 च्या दुष्काळात जामखेडकडनं नगरला आला. खडी फोडली, नाल्याकडेला चार पत्रे ठोकले. परत गेला नाही. कशाला जाईल? गाव सोडा, असं बाबासाहेबांनीच सांगितलेलं. याच जिल्ह्यात 2013 ला सोनईत तीन दलित तरुणांचे खून झाले, 2014 ला खर्ड्यात आपला एक शाळकरी पोरगा मारला गेला. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर, 2017 ला आरोपी निर्दोष. गाव असं सुटतं, दोस्तांनो.

पण गावकूस? ते शहरात आधीच येऊन बसलेलं. गावात ते जातीचं होतं, इथं तारखेचं आहे. 1 जानेवारी 2000 च्या आधीचा पुरावा असेल तर झोपडीला संरक्षण. नंतर 2011 पर्यंतचे आले, पण पैसे भरून. आजाचं रेशनकार्ड उंदरांनी खाल्लं. जात सिद्ध करायला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचं काहीतरी दाखवा म्हणतात. गावाला आमची जात कळायला कधी कागद लागला नव्हता!

हे आजचं नाही. 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. रोगाचं नाव सांगून गरिबांची घरं पाडली. सुरुवातीला बांधली कमी, पाडली जास्त. तरी त्याच ट्रस्टच्या परळच्या चाळीत बाबासाहेब वर्षानुवर्षं राहिले. म्हणून पक्क्या भिंतीशी माझं भांडण नाही. भिंत कुणाला विचारून उभी करता, एवढंच विचारतो. 1971 च्या झोपडपट्टी कायद्याच्या नावातच तीन शब्द आहेत: सुधारणा, निर्मूलन, पुनर्विकास. साहेबाला मधलाच पाठ! गिरणीत सूत तुटलं तर आम्ही सांधतो, बॉबिन उकिरड्यावर फेकत नाही.

आता आपल्यावर येतो. राग येईल, येऊ दे. 2024 ला अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कुणी पेढे वाटले, कुणी निषेध केला, आपणही रात्र रात्र वाद घातला. नाल्याकडेची आई आहे तिथंच. जयंतीच्या कमानीसाठी आपण जागतो; पण विकास आराखड्यात आपल्या वस्तीवर कोणता रंग फासलाय, ते बघायला कोण गेलं? मीही नाही गेलो. 1966 च्या नगररचना कायद्यात हरकत नोंदवायचा हक्क आहे, हे मी दारावर नंबर पडल्यावर वाचलं. कविता लिहीत बसलो होतो ना!

होत नाही असं नाही. याच शहरात संजयनगरच्या 298 कुटुंबांची घरं, आहे त्याच जागेवर, रहिवाशांबरोबर बसून आखली गेली. मग बाकीच्या वस्त्यांना शहराबाहेरचा माळ का दाखवता? तिथनं धुणीभांड्याला, नाक्यावर, पाळीला माणूस पोचणार कसा?

मागणं सरळ आहे. आहे तिथंच घर. घर बाईच्या नावावर. आणि नकाशा आधी वस्तीत, मग कचेरीत.

शिका म्हणाले बाबासाहेब. नकाशा वाचायलाही शिका. पुढच्या वेळी टेप येईल तेव्हा तिचं दुसरं टोक आपल्या हातात पाहिजे.

जयभीम.