जखम भरते, म्हणून काय झालं?

मैत्रिणींनो, सुट्टीत लेक घरी आला की आमच्याकडे टीव्हीचा ताबा त्याच्याकडे जातो. या वेळी त्याने मला हट्टाने ‘लोगन’ हा २०१७ चा इंग्रजी सिनेमा बघायला बसवलं. ‘आई, हाणामारी आहे, पण तू बघच,’ म्हणाला. हाणामारी आणि रक्त खरोखरच इतकं आहे, की लहान मुलांना शेजारी बसवू नये. तरी मी शेवटपर्यंत उठले नाही, ते त्यातल्या लॉरा नावाच्या पोरीमुळे.

लॉरा दहा-अकरा वर्षांची. तिच्या हातांतून दोन-दोन आणि पायांतून एकेक धारदार पातं बाहेर येतं. तिला कितीही लागलं तरी जखम बघता बघता भरून येते. चित्रकथांमधला वुल्व्हरिन हा गाजलेला नायक. त्याच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत तिला जन्माला घातलेलं. कशासाठी? तर माणसं मारायचं हत्यार म्हणून. नावसुद्धा धड नाही, नुसता क्रमांक, एक्स-२३.

मग लेकाने तिची सगळी कुळकथा सांगितली. ही पोर आधी छापील चित्रकथेत आलीच नव्हती. २००३ साली ‘एक्स-मेन : इव्होल्यूशन’ या कार्टून मालिकेत ती पहिल्यांदा दिसली. लोकांना इतकी आवडली, की २००४ मध्ये चित्रकथेत आली आणि २००५ मध्ये तिच्या बालपणाची स्वतंत्र कथा निघाली. एरवी पुस्तकावरून पडदा. इथे पडद्यावरून पुस्तक! ही मूळची कथा तिला घडवणाऱ्या क्रेग काइल आणि ख्रिस्तोफर योस्ट यांचीच. त्यात तिला भूल न देता हातातली पाती काढतात, धार लावून धातूचा मुलामा देतात आणि परत बसवतात. का, तर जखम भरणारच आहे ना!

इथे मी थबकले. कारण हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय.

आमच्या गावातल्या समुपदेशन केंद्रात मी बरीच वर्षं जाते. तिथे एक बाई आली होती, चाळिशीची. नवरा मारतो, हे सांगायला तिला तीन खेपा लागल्या. चौथ्या वेळी सासरची मंडळीही आली. सासूबाईंनी सरळ विचारलं, ‘कुठंय वळ? दाखव की!’ बाईने पदर सावरला आणि हळूच म्हणाली, ‘आता नाहीत ताई, गेले.’ विषय संपला! वळ गेले म्हणजे मार पडलाच नव्हता, असं सगळ्यांनी धरून टाकलं. खरं सांगते, क्षणभर मलाही पुढे काय बोलावं सुचलं नाही.

‘बाईची जात चिवट’, ‘आमची सून फार सोशिक’ असं आपण कौतुकाने म्हणतो. पण या कौतुकाच्या आड पुढचा वार सोयीचा होतो, हे लक्षात येतं का? जी सोसते तिलाच आणखी सोसायला दिलं जातं. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी कामाला लागलेली बाई शाबासकी मिळवते. ‘दुखतंय का गं?’ असं मात्र तिला कुणी विचारत नाही.

‘एक्स-मेन’च्या २००० सालच्या पहिल्या सिनेमात एक मुलगी वुल्व्हरिनला हेच विचारते. पाती बाहेर येताना दुखतं का, म्हणून. तो सांगतो, दर वेळी दुखतं. जखम भरते याचा अर्थ ती होत नाही असा नव्हे. आणि ‘लोगन’मध्ये तर हाच वुल्व्हरिन थकलाय. त्याच्या जखमा आता लवकर भरत नाहीत, शरीरातला धातूच त्याला विषासारखा बाधतोय. म्हणजे सोसण्याची ताकदसुद्धा कधीतरी संपते. आपल्या ओळखीतल्या किती जणींची पन्नाशीला अशी गत झालेली असते!

पुढे २०१५ मध्ये चित्रकथेत लॉराने वुल्व्हरिन हे नाव स्वतः घेतलं. अन्यायाविरुद्ध लढायचं, पण जीव घ्यायचा नाही, असं ठरवलं. तिथे तिला गॅबी नावाची धाकटी बहीण मिळते. तीही प्रयोगशाळेतलीच, आणि तिला वेदनाच जाणवत नाहीत. हत्यार करायचं तर दुखणंच काढून टाकलं की झालं! या पोरीला लॉरा स्वतःच्या पंखाखाली घेते. ‘लोगन’मधली लॉरा म्हणजे डॅफ्नी कीन ही नटी. २०२४ च्या ‘डेडपूल अँड वुल्व्हरिन’मध्ये ती तरुण लॉरा होऊन परत आली.

पण माझ्या मनात राहिली ती वेगळीच बाई. गॅब्रिएला, मेक्सिको सिटीतल्या त्या प्रयोगशाळेतली साधी नर्स. तिच्याकडे पाती नाहीत, जखमा भरायची शक्ती नाही. ही मुलं नव्हेत, कंपनीची मालमत्ता आहे, असं तिला ऐकवलं जातं. तरी ती तिथलं सगळं मोबाइलवर गुपचूप टिपते आणि लॉराला घेऊन पळते. त्यापायी तिचा जीव जातो. पण ही मूल आहे आणि हिला दुखतंय, हे सगळ्यांत आधी तिने मानलं.

मैत्रिणींनो, कायदा हातात घ्या असं मी मुळीच म्हणणार नाही. कायदा आहेच. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ चा. तो २००६ पासून लागू झाला. त्यात नुसता मार नाही, तर अपमान, मानसिक छळ, पैशांची अडवणूकही येते. वळ दाखवायलाच हवेत असं नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, १८१ या क्रमांकावर फोन करता येतो. शेजारणीसाठी तुम्हीसुद्धा करू शकता.

लॉरा चित्रकथेतच शोभते. गल्लीत हवी ती गॅब्रिएला. उद्या शेजारची ‘काही नाही हो, बरं आहे आता’ म्हणाली, तर तेवढ्यावर मागे फिरू नका. चहा टाका, तिला बसवा आणि विचारा, ‘पण दुखलं होतं ना?’

बघा, जमतंय का!