घराण्याचे नाव

इटलीतील मिलान शहरी १९१३ साली मारिओ प्राडा यांनी चामड्याच्या वस्तूंचे दुकान थाटले. त्यांची नात मिउच्चा प्राडा यांनी त्याची कीर्ती जगभर नेली. त्याच पेढीने जून २०२५ मध्ये कोल्हापुरी वहाणांसारखे जोडे मूळ न सांगता मांडले. टीका झाल्यावर ते मान्य केले. परक्यांस दोष देणे सोपे. परंतु येथे गणपतीपुळ्यास देवळाच्या दारी ज्या कोल्हापुरी वहाणा उतरविल्या जातात, त्या कोणत्या घराण्याने घडविल्या, हे कोण पुसतो? वहाणांस २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले. घडविणारा अनामिकच राहिला. विद्यार्थ्यांनी व पालकांनी चामड्याचे काम हलके मानणे सोडावे. तरच आमच्या कारागिरांची नातवंडेही आजोबांचे नाव दुकानावर अभिमानाने लावतील, असे आम्हांस वाटते.