चार्ज देताना

मोठा साहेब निवृत्त होतो तेव्हा पेपरात फोटो येतो. एचडीएफसी बँकेचे आदित्य पुरी २६ ऑक्टोबर २०२० रोजी निवृत्त झाले, तेव्हाही आला. ही बँक ऑगस्ट १९९४मध्ये मुंबईत नोंदली गेली. मलेशियातली सिटीबँकेची नोकरी सोडून पुरी इथे आले आणि सुरुवातीपासून निवृत्तीपर्यंत २६ वर्षे तेच व्यवस्थापकीय संचालक होते. ते गेले तेव्हा बँकेच्या पाच हजारांहून अधिक शाखा होत्या आणि एक लाखाहून अधिक कर्मचारी. ते संध्याकाळी साडेपाचला ऑफिस सोडत आणि मोबाइल बाळगत नसत, हे त्यांच्याविषयी कौतुकाने अनेकदा छापून आले. (साहेब साडेपाचला उठले म्हणून शाखेतला कॅशियर साडेपाचला घरी पोहोचला, असे मात्र कुणी समजू नये.)

बंधू-भगिनींनो, तुम्ही म्हणाल, या साहेबाचा आणि आपल्या वस्तीचा काय संबंध? संबंध असा, की यंदा मार्चअखेर मीही एका भराभर वाढलेल्या कंपनीतून बाहेर पडले. हिशेब खात्यात कारकून होते. निघताना चार्ज द्यावा लागतो. तो देता देता पुढारीपण म्हणजे काय आणि सगळ्यांनी मिळून काम करणे म्हणजे काय, यावर बराच विचार झाला. तो तुमच्यापुढे मांडते.

पुरींच्या जागी शशिधर जगदीशन आले. ते १९९६ साली त्याच बँकेच्या वित्त विभागात मॅनेजर म्हणून लागले होते. म्हणजे २४ वर्षे आतच घडलेला माणूस. त्याआधी पहिल्या फळीतले परेश सुखटणकर पुरींची जागा घेतील, असे बोलले जाई. त्यांनी ऑगस्ट २०१८मध्ये राजीनामा दिला. तरीही बँकेला घरातच दुसरा माणूस मिळाला. एक हुशार माणूस शोधून आणणे सोपे असते. एक गेला तर दुसरा आणि दुसरा गेला तर तिसरा उभा राहील, अशी फळी बांधायला वर्षे लागतात. हे श्रेय पुरींना दिलेच पाहिजे.

पण कारकुनाची नजर चार्ज लिस्टच्या शेवटच्या पानावर जाते. तिथे प्रलंबित कामे लिहिलेली असतात. नवे साहेब २७ ऑक्टोबरला खुर्चीवर बसले आणि २ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेचा आदेश आला: नवीन डिजिटल सेवा सुरू करू नका, नवीन क्रेडिट कार्डे देऊ नका. कारण काय, तर आधीच्या दोन वर्षांत बँकेचे मोबाइल ॲप आणि नेट बँकिंग पुन्हा पुन्हा बंद पडले होते. कार्डांवरची बंदी ऑगस्ट २०२१मध्ये उठली आणि बाकीची मार्च २०२२मध्ये. जुन्या खात्यावरची बाकी नव्या माणसाच्या नावावर आली. कंपनी धावत असते तेव्हा गळके नळ कुणी मोजत नाही. धावणारा खाली उतरला की पाणी दिसते.

आता माझ्या कंपनीकडे येते. नाव घेत नाही. अंबडला एका भाड्याच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल बनवायचे काम होते. मी लागले तेव्हा आम्ही १८ जण होतो. डबे एकाच टेबलावर उघडायचे. दर शनिवारी मालक शेडच्या मधोमध उभे राहून दहा मिनिटांत सांगायचे, कुठली ऑर्डर आली, कुणाचे पैसे अडकले, पुढच्या आठवड्यात कशाची घाई आहे. हेल्परही मध्येच बोलायचा, "साहेब, तो पत्रा अजून आलाच नाही." मालक तिथल्या तिथे फोन लावायचे.

मी निघाले तेव्हा साडेतीनशे माणसे होती. दोन युनिटे, एचआर, अंगठ्याचे मशीन, सगळे आले. शनिवारची बैठक वरच्या मजल्यावरच्या एसी केबिनमध्ये गेली. तिचे निमंत्रण ईमेलवर यायचे. ज्यांना कंपनीचा ईमेल नव्हता त्यांना निमंत्रण नव्हते. कुणी मुद्दाम ठरवून केले नाही, पण शेडमधली दोनशे-अडीचशे माणसे एका झटक्यात बैठकीबाहेर झाली. भिंतीवर मात्र 'आम्ही एक कुटुंब' असा बोर्ड लागला.

आमच्या डिस्पॅचला एक मामा आहेत. कागदावर हेल्पर, तेही ठेकेदाराकडचे. कोइम्बतूरला थेट जाणारी गाडी कुठल्या ट्रान्सपोर्टवाल्याची आणि कोण पुण्यात माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरतो, हे फक्त मामांना ठाऊक. माल मध्ये उतरवला की पॅनेलच्या काचा फुटतात. एकदा मामांना टायफॉइड झाला. आठ दिवस गाड्या उभ्या राहिल्या, दोन पॅनेले फुटून परत आली. तेव्हा वरच्या मजल्याला समजले की डिस्पॅच कोण चालवतो.

मामा बरे होऊन आले. साहेबांनी हुकूम काढला, नव्या मुलाला सगळे शिकवा. मामा म्हणाले, "शिकवतो की." आणि मुलाला चहा आणायला पाठवले. महिना झाला तरी मुलगा चहाच आणत होता. साहेब म्हणाले, यांना टीमवर्क कळत नाही.

मला हे पटले नाही. ठेकेदार तीन वेळा बदलला होता. दर वेळी मामांना एक दिवस घरी बसवून नव्या नावाने भरती दाखवली. ११ वर्षांचे काम, आणि कागदावर सात महिने. अशा माणसाकडे डोक्यातल्या माहितीखेरीज दुसरी पुंजी कोणती? ती त्याने वीस वर्षांच्या मुलाच्या हातात ठेवली, तर उद्या गेटवर त्याला कोण थांबवून घेणार? बँकेत वरिष्ठाने जगदीशन यांना काम शिकवले म्हणून त्या वरिष्ठाच्या घरची चूल विझली नाही. पुरींनी निवृत्तीआधी, जुलै २०२०मध्ये, आपले ७४ लाखांहून अधिक शेअर सुमारे ८४३ कोटी रुपयांना विकले. अशा घरात मन मोकळे ठेवणे जमते. आपल्याकडे निघताना माणूस पीएफचा फॉर्म भरतो आणि दोन महिने खेपा घालतो.

इन्फोसिसचे उदाहरण देण्यासारखे आहे. १९८१ साली पुण्यात सात जणांनी ती सुरू केली. १९९४पासून तिने कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली. कंपनी वाढली तर माझेही काही वाढेल, असे ज्याला दिसते, तो आपले काम दुसऱ्याला दाखवायला घाबरत नाही.

मी निघतेय म्हटल्यावर हितचिंतकांनी सल्ला दिला, "ताई, सगळे लिहून देऊ नका. महिन्याने फोन येतील, मग भाव येईल." मी लिहून दिले. शंभर पानी वही भरली: कुठली पार्टी महिन्याच्या कितव्या तारखेला पैसे सोडते, कुणाला आधी फोन करावा लागतो, कुठली तीन बिले वादात आहेत आणि वाद नेमका काय आहे. शेवटच्या चार पानांवर नुसती अडलेली कामे. पण यात माझा मोठेपणा नाही. मी कायम होते, ग्रॅच्युइटी मिळणार होती, दुसरी नोकरी हातात होती. मला ते परवडत होते.

आमच्या बचत गटात दर वर्षी सचिव बदलते. जुनी सचिव तीन महिने नवीच्या शेजारी बसते, पासबुक कसे भरायचे ते दाखवते. तिथे कुणी काही लपवत नाही, कारण सचिवपद गेले म्हणून कुणाची भाकरी जात नाही.

शेवटच्या दिवशी एचआरच्या मुलीने छापील फॉर्म दिला. त्यात एक प्रश्न होता: कंपनीने काय सुधारावे? पाच रिकाम्या ओळी होत्या. मी एकच भरली: डिस्पॅचच्या मामांना कायम करा, मग ते शिकवतील. ती म्हणाली, "मॅडम, इथे तुमच्याबद्दल लिहायचे असते." मी म्हटले, माझ्याबद्दलच आहे. फॉर्मची झेरॉक्स काढली, खाली जाऊन आवक रजिस्टरला नोंद करून घेतली, नंबर टाकून घेतला आणि पावणेसहाची बस पकडली.